आमच्या विंगमध्ये परत टीबी निघाला. गोळ्या मिळतायत, पण घराचं काय?

मानखुर्द_लोकल

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी होणार आहे पण प्लीज पूर्ण वाचा.

आम्ही मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन वसाहतीत राहतो. सात मजली बिल्डिंग. पूर्वी आमचं घर रुळाला लागून होतं, रेल्वेच्या प्रोजेक्टमध्ये ते गेलं आणि त्याबदल्यात इथे २२५ स्क्वेअर फुटाची खोली मिळाली. तेव्हा सगळ्यांना आनंदच झाला होता, घरात नळ, घरात संडास, स्वतःच्या नावावर कागद, अजून काय पाहिजे. आता आमच्या विंगमध्ये परत टीबी निघालाय. पहिल्या मजल्यावरचा मुलगा, बारावीला आहे, अभ्यासात हुशार. त्याच्या आधी त्याच्या आईला झाला होता. त्यांच्या बाजूच्या खोलीतल्या काकींना तर एमडीआर निघाला, म्हणजे नेहमीच्या गोळ्या चालतच नाहीत असा.

आरोग्य केंद्रातून सेविका येतात, थुंकीचा नमुना नेतात, गोळ्या देतात, फोन करून विचारतात घेतल्या का म्हणून. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्या बाया उन्हातान्हात सात सात मजले चढतात (लिफ्ट बंद असते). माझं म्हणणं वेगळं आहे. त्या मुलाच्या घरात भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावावी लागते. खिडकी आहे, पण समोर लगेच दुसऱ्या बिल्डिंगची भिंत आणि मधल्या हाऊस गल्लीत वरच्या सगळ्या मजल्यांवरून टाकलेला कचरा, डायपर, फुटलेल्या पाइपचं पाणी, घुशी. वास सहन होत नाही म्हणून खिडकीला आतून प्लास्टिक ठोकून ती कायमची बंद केलीये. पाच माणसं आत. आई तिथेच बसून दिवसभर साड्यांना मणी लावते. जेवण तिथेच, अभ्यास तिथेच, झोप तिथेच.

आता सहा महिने गोळ्या खाऊन पोरगा बरा होईल, होवोच, पण झोपणार त्याच खोलीत ना? मग ज्यांनी ही पॉलिसी बनवली त्यांच्या हे लक्षात आलं नाही का की माणसाला औषध द्यायचं आणि ज्या खोलीत तो आजारी पडला त्या खोलीकडे बघायचंच नाही, हे कसं चालेल? आणि दुसरं म्हणजे रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, काही लोक म्हणतायत त्या कुटुंबाला थोडे महिने गावाला पाठवून द्या. मला तिथे उभं राहून बोलायचंय. काय बोलू, कोणाकडे अर्ज करू, माहिती असलेल्यांनी सांगा.

वॉर्ड_सिस्टर

ताई, आधी मीटिंगचं बोलते कारण ते तातडीचं आहे. गावाला पाठवायचं हे अजिबात होऊ देऊ नका. मी बरीच वर्षं टीबीच्या पेशंटमध्ये काम केलंय आणि कोर्स तुटतो तो हमखास अशाच वेळी. निक्षय आयडी (सरकारच्या टीबी पोर्टलवरचा पेशंटचा नंबर) दुसऱ्या जिल्ह्यात ट्रान्सफर करता येतो हे खरं, पण माणूस एसटीत बसतो, तिथल्या केंद्रात नाव लागेपर्यंत हातातल्या गोळ्या संपतात, गावात कोणाला कळू नये म्हणून तो जातच नाही, आणि मग दोन महिन्यांनी परत येतो तेव्हा वजन उतरलेलं आणि थुंकी परत पॉझिटिव्ह. तुटलेल्या कोर्समधून एमडीआर तयार होतो. म्हणजे बिल्डिंग वाचवायला म्हणून त्याला पाठवायचं आणि जास्त वाईट जंतू घेऊन परत आणायचा.

लोकांना हे पण सांगा की बरोबर औषध सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत पसरवण्याची शक्यता खूप कमी होते. धोका आहे तो ज्याचं अजून निदानच झालं नाही त्या माणसाकडून. म्हणून मीटिंगमध्ये त्या पोराबद्दल नाही, सगळ्या विंगच्या तपासणीबद्दल बोला. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन कमी होणं, रात्री घाम, यातलं काहीही असेल तर थुंकीची सीबीनॅट तपासणी (मशीनवर टीबीचे जंतू शोधणारी) करून घ्या, पालिकेकडे फुकट होते आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालतंय की नाही तेही त्यातच कळतं.

ताट वाटी वेगळी ठेवायची काही गरज नाही. टीबी भांड्यातून होत नाही, हवेतून होतो. हे मुद्दाम लिहितेय कारण मी अशा मुली बघितल्यात ज्यांचं ताट वर्षानुवर्षं वेगळंच राहिलं, बऱ्या झाल्या तरी.

आणि घरातल्या बाकीच्यांना प्रतिबंधक औषध मिळतं हे लोकांना माहीतच नसतं. पूर्वी फक्त पाच वर्षांखालच्या मुलांना द्यायचे, २०२१ च्या गाइडलाइननंतर घरातल्या सगळ्यांना देता येतं, आधी तपासून की त्यांना टीबी नाहीये. आठवड्यातून एकदा असा बारा आठवड्यांचा कोर्स असतो किंवा रोजची गोळी सहा महिने, जे उपलब्ध असेल ते. काकींना एमडीआर आहे म्हणजे त्यांच्या घरच्यांचं प्रकरण वेगळं, ते डॉक्टरच ठरवतील. पण त्या मुलाच्या घरच्यांसाठी आरोग्य केंद्रात जाऊन स्पष्ट विचारा.

नकाशावाला

ताई, तुम्ही जो प्रश्न विचारलाय तो या शहरात सव्वाशे वर्षांपूर्वी विचारून झालाय आणि त्याचं उत्तरही मिळालं होतं. मी आर्किटेक्ट आहे, थोडं सविस्तर लिहितो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा पेशंट सापडला. त्या साथीत निम्मं शहर गावाला पळालं, गिरण्या ओस पडल्या, सरकार हादरलं आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. काम काय, तर दाट वस्त्यांमध्ये हवा आणि उजेड आणायचा. मोहम्मद अली रोड, प्रिन्सेस स्ट्रीट हे रस्ते त्यातूनच निघाले, दादर माटुंग्याचे आखीव प्लॉट त्यातूनच. ट्रस्टचं सगळं चांगलं होतं असं म्हणत नाही, त्यांनी गरिबांची घरं पाडली जास्त आणि बांधली कमी, हाकललेली माणसं शेजारच्या गल्लीत जाऊन अजून दाटीने राहिली. पण एक गोष्ट त्यांनी नीट पकडली. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. समोरच्या बिल्डिंगच्या माथ्यापासून तुमच्या खोलीच्या खिडकीच्या तळाशी रेघ ओढली तर तिचा जमिनीशी कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नको. सोप्या भाषेत, समोरची बिल्डिंग जितकी उंच त्याच्या निम्मं तरी अंतर मध्ये मोकळं पाहिजे. ट्रस्टचे चेअरमन ऑर यांनी १९१२ च्या आसपास हा नियम आकृत्या काढून लोकांना समजावला होता.

आता तुमच्या बिल्डिंगला हा नियम लावून बघा. सात मजले म्हणजे ढोबळमानाने वीस मीटर, म्हणजे मध्ये दहा मीटर पाहिजे. तुमच्याकडे किती आहे? पुनर्वसनाच्या बिल्डिंगांना विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(१०) या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमामध्ये ज्या सवलती दिल्या त्यात दोन बिल्डिंगमधलं अंतर ३ मीटरवर आणलं. ३ मीटरला जुन्या नियमाने फार तर दोन मजली घर उभं राहिलं असतं. आणि वर अट अशी की एका हेक्टरमध्ये कमीत कमी ५०० घरं बसवायचीच, पुढे ती ६५० केली. कमीत कमी हा शब्द नीट वाचा. जगभर नियम असतो की यापेक्षा जास्त दाटी नको, आपल्याकडे गरिबांसाठी नियम आहे की यापेक्षा कमी दाटी चालणार नाही. कारण जितकी जास्त घरं कमी जागेत, तितका विक्रीच्या टॉवरसाठी प्लॉट आणि टीडीआर (दुसरीकडे बांधायला विकता येणारा बांधकामाचा हक्क) मोकळा. ही चूक कोणा इंजिनिअरकडून अनवधानाने झालेली नाही, ती कागदावर लिहून, मंजूर करून झालेली आहे, आणि मला याचा खरंच संताप येतो कारण याच शहरात, याच धंद्यात मी आहे.

याचा पुरावाही आहे. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या लोकांबरोबर २०१८ च्या सुमारास लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी अशा तीन वसाहतींचा अभ्यास केला. घरोघरी जाऊन विचारलं, उजेड मोजला, हवा कशी खेळते त्याचं कॉम्प्युटर मॉडेल केलं. पहिल्या दोन ठिकाणी बिल्डिंगा चिकटून आहेत, पीएमजीपीची मांडणी त्यामानाने मोकळी. जिथे उजेड आणि वारा कमी, खालचे मजले, तिथे टीबी जास्त. म्हणजे तुमच्या पहिल्या मजल्यावरचा पोरगा आजारी पडला यात नशिबाचा भाग कमी आणि नकाशाचा जास्त.

मीटिंगमध्ये बोलायचं तर हेच बोला, की आपण आजारी माणूस शोधतोय पण आजारी गल्ली समोर आहे.

कुर्ला_केमिस्ट

नकाशावाले साहेब, मुद्दा पटतो पण एक भीती वाटते म्हणून लिहितोय. बिल्डिंग, उजेड, दाटी असं बोलायला लागलो की सरकारी माणूस मान डोलावतो आणि म्हणतो हा तर फार मोठा प्रश्न आहे, वर्षानुवर्षं लागतील, आणि मग जे उद्या सकाळी करता येईल तेही करत नाही. औषधाची बाजूही आपल्याकडे धड नव्हती हे विसरू नका.

मी ३० वर्षं काउंटरला उभा आहे. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धारावीतल्या १०६ खाजगी डॉक्टरांना टीबीचं प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलं होतं, २०१० मध्ये ते छापून आलं. १०६ जणांनी मिळून ६३ वेगवेगळ्या प्रकारे औषधं लिहिली आणि बरोबर होती फक्त ६. हे वाचून मला काही धक्का बसला नाही, माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्या तशाच असायच्या. आणि पेशंट आधी खाजगीतच जातो, कारण सरकारी ओपीडीची वेळ आणि त्याच्या कामाची वेळ एकच. दोन खोकल्याच्या बाटल्या, एक अँटिबायोटिक, मग दुसरा डॉक्टर, मग तिसरा, तोपर्यंत घरातल्या चौघांना लागण. पुढे डिसेंबर २०११ ला हिंदुजा हॉस्पिटलमधून त्याच उदवाडियांनी कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे पेशंट जगापुढे आणले तेव्हा सरकारने आधी नावावरूनच वाद घातला. हो, त्यानंतर हालचाल झाली, मे २०१२ मध्ये प्रत्येक पेशंट कळवणं खाजगी डॉक्टरांना बंधनकारक झालं, मुंबईत तपासणीची मशीन आली, पण तो वेळ गेला तो गेलाच.

सरकारी बाजू बघा. रोज गोळ्या द्यायच्या हे बाकीचं जग करत असताना आपल्याकडे डॉट्समध्ये, म्हणजे सरकारी टीबी उपचारात, आठवड्यातून तीनच दिवस औषध चालू होतं, २०१७ पर्यंत. का, तर समोर बसवून गोळी गिळायला लावायची तर तीन दिवस सोपे पडतात. शेवटी सुप्रीम कोर्टात याचिका गेली तेव्हा रोजचं औषध सुरू करायला मुदत घालून दिली. आणि मार्च २०२४ आठवा. केंद्राकडूनच राज्यांना पत्र गेलं की पुरवठ्याला उशीर होतोय, तुम्ही तुमच्या पातळीवर तीन महिन्यांचं औषध खरेदी करा. त्या दिवसांत लोक माझ्याकडे रिकामी पाकिटं दाखवत यायचे. ज्या आजारात एक दिवस चुकवू नका म्हणून आपण पेशंटला दम देतो त्यात सरकारचेच दिवस चुकले, आणि त्याची नोंद कोणाच्या कार्डावर झाली नाही.

तर घर सुधारा म्हणा, नक्की म्हणा, पण गोळीचा मुद्दा सोडून नको.

नकाशावाला

केमिस्टदादा, सोडायचं कोण म्हणतंय. मी एवढंच म्हणतोय की गोळीचं खातं एकाकडे, बिल्डिंगचं खातं दुसऱ्याकडे आणि दोघांचं आयुष्यात कधी बोलणं होत नाही. पुनर्वसनाच्या नकाशाला मंजुरी देताना फायरची एनओसी लागते, विमानतळाजवळ असेल तर उंचीची लागते. आरोग्य खात्याने उजेड वाऱ्यासाठी तो नकाशा बघून हो किंवा नाही म्हणायचं, अशी पायरीच नाहीये. ती आणा एवढी एक मागणी आहे. नवीन बिल्डिंगा अजून उभ्या राहतायत, धारावीचं तर आत्ता होतंय, तेव्हा वर्षानुवर्षं लागतील म्हणून गप्प बसायची ही वेळ नाही.

वॉर्ड_सिस्टर

काकींच्या एमडीआरबद्दल पण लिहायचं राहिलं. त्यांना धीर द्या. पूर्वी या आजारात दोन वर्षं औषध आणि महिनोन्महिने इंजेक्शनं असायची, त्यात कितीतरी जणांची ऐकण्याची शक्ती गेली. आपल्याकडची नंदिता वेंकटेशन तशीच, टीबीच्या औषधाने बहिरी झाली, पण तिने आणि दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा टिसिलेने मिळून बेडाक्विलिन या एमडीआरवरच्या औषधाचं पेटंट वाढवून मागणाऱ्या कंपनीच्या अर्जाला आपल्या पेटंट ऑफिसात विरोध केला आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. पेशंटच लढून औषध स्वस्त व्हायचा रस्ता मोकळा करतात. आता योग्य पेशंटला फक्त तोंडातून घ्यायच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स मिळू शकतो, त्याला २०२४ मध्ये सरकारने मान्यता दिलीये. काकींना कुठला कोर्स चालू आहे ते विचारून घ्या.

चेंबूर_पोषण

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, पण चर्चेत जेवण आलंच नाही अजून. मी सार्वजनिक आरोग्यात शिकलेय आणि एम पूर्व वॉर्डातल्या वस्त्यांमध्ये काम करते. हाच तो वॉर्ड ज्याचा मानव विकास निर्देशांक २००९ च्या मुंबईच्या अहवालात (० ते १ च्या मापात) ०.०५ म्हणजे सगळ्यात तळाला होता. एका बाजूला देवनारचं डम्पिंग ग्राउंड, १९२७ पासून शहराचा कचरा इथे येतोय. २०२२ च्या शेवटी गोवर आला तो पण गोवंडीत आधी. प्रत्येक आजाराचा नकाशा काढला की डाग याच जागी पडतो. म्हणून टीबीचं वेगळं, गोवरचं वेगळं, अॅनिमियाचं वेगळं असं अभियान चालवून भागत नाही.

झारखंडमध्ये राशन्स नावाचा अभ्यास झाला, डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी केलेला, ऑगस्ट २०२३ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. पेशंटच्या घरातल्या बाकीच्या माणसांना, १० हजारांहून जास्त लोक होते, महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. बस, एवढंच. ज्या घरांना हे मिळालं तिथे नवीन टीबी ३९ टक्के कमी, आणि फुप्फुसाचा जो पसरतो तो ४८ टक्के कमी. कुठल्याही नव्या लसीने असा आकडा दिला असता तर टीव्हीवर दिवसभर तेच चाललं असतं. पेशंटच्या बाबतीत तर पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वजन वाढलं तरी मरण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. सिस्टरताई, तुमच्याकडे वजनकाटा असतोच ना, तो काटा एक्स-रेइतकाच महत्त्वाचा आहे.

आता पॉलिसी बघा. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत पेशंटच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले, हे चांगलंच झालं. पण ५०० रुपये साडेसहा वर्षं तिथेच थांबले होते आणि तेवढ्यात तूरडाळ कुठे गेली हे सगळ्यांना माहितीये. आणि पैसे एकाच्या नावाने येतात, खाणारी पाच तोंडं असतात. आई ते अंडं पोराला एकट्याला देईल का? ती सगळ्यांत वाटणार. आईच ती. म्हणून रेशन पूर्ण घराला पाहिजे, आजारी माणसाला एकट्याला नाही.

मार्च २०१८ ला दिल्लीत जाहीर झालं की जगाच्या आधी पाच वर्षं, २०२५ पर्यंत भारत टीबीमुक्त. २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे पेशंट होते, २०२३ ला १९५. कमी झाले, जगाच्या सरासरीपेक्षा वेगाने कमी झाले, ज्यांनी हे काम केलं त्यांना मान द्यायलाच हवा. पण ठरवलं होतं ८० टक्के कमी करायचं आणि २०२३ पर्यंत झालं १८ टक्क्यांच्या आसपास. जगातल्या चार पेशंटमधला साधारण एक अजून आपला. माझ्या मते याचं कारण हेच की औषध, मशीन, अॅप, पोस्टर हे सगळं टीबीच्या बजेटमधून येतं आणि तांदूळ, डाळ, खिडकी यातलं काहीही त्या बजेटमध्ये बसत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू, तिथेही आपण पोचलो नाही.

मानखुर्द_लोकल

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं आमच्या ग्रुपवर टाकलंय आणि दोघीजणी माझ्याबरोबर बोलायला तयार झाल्यात. ३ मीटरचं मोजून बघितलं टेप लावून, खरंच तेवढंच आहे, आणि कचऱ्याचा थर खालच्या खिडकीच्या कट्ट्याला टेकलाय.

पण नेमकी गंमत तिथेच होते बघा. गल्ली साफ करा म्हणून पालिकेकडे गेलो तर म्हणतात ते सोसायटीच्या आवारात येतं. ज्यांनी बिल्डिंग बांधली त्यांच्याकडे गेलो तर म्हणतात हस्तांतरण झालं, आता आमचा संबंध नाही. सोसायटीकडे मेंटेनन्सचे पैसे नाहीत कारण निम्मे लोक भरू शकत नाहीत. मग कोणाच्या नावाने अर्ज करायचा?

निवृत्त_घनकचरा

ताई, मी पालिकेत घनकचरा खात्यात होतो, रिटायर झालो. तुम्हाला जे सांगितलं ते सांगणारा मीच असायचो काउंटरच्या पलीकडे असं समजा, म्हणजे ते कसं सांगितलं जातं हे मला माहितीये. हद्दीचा मुद्दा कागदावर खरा असतो. पण रोगराईचा धोका आहे असं लेखी आलं तर हद्द दाखवून हात वर करणं अवघड होतं, म्हणून अर्ज कचऱ्याचा करू नका, आरोग्याचा करा. वॉर्डचे सहाय्यक आयुक्त आणि वॉर्डचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी, दोघांच्या नावाने एकच पत्र. त्यात विंगमध्ये किती टीबी पेशंट निघाले तो आकडा (नावं लिहायची नाहीत, कुठेही नाही), गल्लीची रुंदी, खालच्या मजल्यावरच्या किती खिडक्या कचऱ्यामुळे बंद आहेत तो आकडा, आणि फोटो. घुशींसाठी कीटकनाशक विभागाला वेगळी प्रत. आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघायचं नाही. पंधरा दिवसांनी माहिती अधिकारात विचारायचं की या पत्रावर काय कार्यवाही केली. मग फाइल हलते.

आणि एकदा साफ होऊन भागत नाही हे मी स्वतः बघितलंय. गल्ली साफ करून ट्रक गेला की वरून पहिली पिशवी त्याच संध्याकाळी पडते. प्रत्येक मजल्यावर डबा आणि रोज उचलणारा माणूस ही सोय आधी पाहिजे, मग लोकांना समज द्यायची. उलटं करून उपयोग नाही, ज्या बाईला कचरा घेऊन सहा मजले उतरायचेत आणि लिफ्ट बंद आहे तिला बोर्ड लावून काय शिकवणार.

सुरतचं उदाहरण आमच्या खात्यात नेहमी निघायचं. १९९४ ला प्लेग आला, लाखो माणसं शहर सोडून पळाली, देशातलं सगळ्यात घाणेरडं शहर म्हणून नाव होतं. १९९५ ला एस. आर. राव कमिशनर झाले आणि दोन वर्षांच्या आत ते शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणलं जायला लागलं. काही नवीन मशीन आलं नव्हतं. सगळे मोठे अधिकारी रोज सकाळी ऑफिसात न बसता गल्लीत फिरायचे, आणि आपापल्या झोनमध्ये जागेवर निर्णय घ्यायचा अधिकार त्यांना दिला होता. माणसं तीच होती, पगार तोच होता. आपल्याकडे तशी माणसं नाहीत असं नाही, त्यांना तो अधिकार मिळत नाही, सही वर जाते आणि वरच राहते.

कुर्ला_केमिस्ट

दादांचं पत्राचं एकदम बरोबर. त्यात अजून एक टाका, ओपीडीची वेळ. २०२२ पासून पालिकेचा 'आपला दवाखाना' सुरू झालाय तो रात्री १० पर्यंत असतो, तिथे खोकल्याचा पेशंट आला तर तिथल्या तिथे थुंकीचा नमुना घेतला जावा अशी मागणी करा. कामावरून सुटलेला माणूस तिथे येऊ शकतो. माझ्याकडे खोकल्याची बाटली मागायला येणारे निम्मे रात्री आठनंतर येतात. मी आता दुसऱ्यांदा बाटली मागणाऱ्याला विचारतो किती दिवस झाले, आणि तिथेच पाठवतो.

चेंबूर_पोषण

तामिळनाडूचं पण बघण्यासारखं आहे. २०२२ पासून ते टीबी निघाल्याबरोबर प्रत्येकाचं वजन, उंची, पायावरची सूज, श्वास, आधाराशिवाय उभं राहता येतं का, एवढं तपासतात. जो फार अशक्त असेल त्याला लगेच अॅडमिट करतात. कारण बरेच मृत्यू पहिल्या दोन महिन्यांतच होतात, गोळ्या चालू असतानाही. यात कुठे महागडं काही नाही, काटा, टेप आणि ज्या सेविकेला हे करायचंय तिला नीट पगार. मुंबईतल्या आरोग्य सेविका किती वर्षं मानधनावर राबतायत आणि किमान वेतनासाठी मोर्चे काढतायत ते तुम्हा सगळ्यांना माहितीये. ज्या बाईच्या चपलांवर हा अख्खा कार्यक्रम चालतो तिला कर्मचारी म्हणायला तयार नाही, आणि समाज निरोगी करायच्या गोष्टी करायच्या, मला हे सगळ्यात जास्त लागतं.

मानखुर्द_लोकल

रविवारची मीटिंग झाली. गावाला पाठवायचा विषय बंद झाला. सगळ्यांनी नाही ऐकलं, दोन जण अजून त्या घरासमोरून जाताना नाकाला रुमाल लावतात, पण विंगच्या तपासणीला लोक हो म्हणाले आणि पत्रावर बऱ्याच सह्या झाल्या, काकींनी स्वतः केली. निवृत्त दादांनी सांगितलं तसंच लिहिलंय. खालच्या मजल्यांवरच्या नऊ खिडक्या कायमच्या बंद निघाल्या.

सिस्टरताई, एकच राहिलं, त्या मुलाच्या आईला तिच्या वेळी पोषणाचे पैसे आलेच नव्हते, आता मुलाचे पण अजून आले नाहीत. कुठे विचारायचं?

वॉर्ड_सिस्टर

मुलाच्या नावावर खातं आहे का ते आधी बघा, बारावीचा म्हणजे बऱ्याचदा नसतं, मग आईचं देता येतं. खातं आधारला लिंक आहे का आणि खूप दिवस न वापरल्यामुळे बंद पडलंय का हे बँकेत विचारा, पैसे बहुतेक वेळा तिथेच अडकतात. पासबुकाची झेरॉक्स आणि निक्षय आयडी घेऊन आरोग्य केंद्रात टीबी हेल्थ व्हिजिटरला भेटा आणि पोर्टलवर खात्याचा नंबर बरोबर चढलाय का ते तुमच्यासमोर बघायला सांगा. आईचे जुने पण राहिलेत हे त्याच वेळी सांगा. सकाळी लवकर जा, अकरानंतर त्या घरभेटीला निघतात.